अरण्याची जमाबंदी

हे गृहस्थ आपल्या परिचयाचे आहेत, तेव्हा त्यांची ओळख करून देण्यात मी कागद दवडीत नाही. काशीयात्रेच्या बसमध्ये चालकाच्या पाठीमागील आसन धरून डिझेलचा हिशेब ठेवणारे, ताजमहालासमोर उभे राहून 'दुरुस्तीवर वर्षाकाठी खर्च किती?' असे विचारणारे, आणि घरी परतल्यावर कोणी सहल कशी झाली म्हणून चौकशी करताच 'एकूण समाधानकारक; दोन बाबी प्रलंबित' असे उत्तर देणारे ते हेच. आमच्या वाट्यास जो नमुना आला त्यास आम्ही सारे भाऊसाहेब म्हणत असू. महसूल खात्यात कारकून म्हणून शिरून नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलेल्या या मनुष्याची नोकरी सुटली होती, पण दप्तर सुटले नव्हते. दक्षिण आफ्रिकेच्या सहलीची तयारी म्हणून इतर मंडळींनी दुर्बिणी, कानटोप्या, मलेरियाच्या गोळ्या आणि मेतकूट बांधून घेतले. भाऊसाहेबांनी लाल कापडी बांधणीची एक लांबट नोंदवही घेतली आणि घरीच पट्टीने तिचे रकाने आखून आणले. अनुक्रमांक, प्राण्याचे नाव, ठिकाण, वेळ, हजर अथवा गैरहजर, आणि उजव्या अंगास चांगला चार बोटे रुंद असा 'शेरा'.

क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी, जून महिन्यातल्या त्या हाडे गोठविणाऱ्या पहाटे, उघड्या गाडीत गुडघ्यांवर कांबळी ओढून आम्ही बसलो असता गाइडने प्रास्ताविक केले, की या अरण्याचे क्षेत्र सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे. आमच्या ताडोब्याचे सबंध व्याघ्रप्रकल्पक्षेत्र १,७२७ चौरस किलोमीटरचे. तेव्हा कोणी 'अबब' म्हणाले, कोणी नुसतीच मान हलविली. भाऊसाहेबांनी पेन्सिल ओली करून विचारले, "सजे किती?" तलाठ्याचा सजा म्हणजे काय हे त्या त्सोंगाभाषी तरुणास समजावून देण्यात सूर्योदय झाला, पण समजल्यावर त्याने क्षणाचाही विलंब न लावता 'बावीस' असे उत्तर दिले, प्रत्येक विभागावर एक वनरक्षक अधिकारी असतो असेही सांगितले, आणि १८९८ साली ट्रान्सव्हालचे अध्यक्ष पॉल क्रुगर यांनी येथे साबी नदीच्या परिसरात पहिले राखीव क्षेत्र घोषित केले व १९२६ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले, ही मिळकतीची पूर्वपीठिकाही जोडून दिली. भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरांहून अधिक वेगाने जायचे नाही, गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, फाटक मिटण्यापूर्वी मुक्कामावर परतले नाही तर दंड, हे सर्व ऐकून तर त्यांना हे जंगल नसून एखादी नीट चाललेली कचेरीच आहे असे वाटू लागले असावे.

मग हजेरी सुरू झाली. पहिला सिंह दिसला तो वाळलेल्या गवतात चारी पाय वर करून पडलेला. दिवसाचे अठरा-वीस तास सिंह असाच पडून असतो हे गाइड सांगत होता, कॅमेऱ्यांचा कडकडाट चालला होता, आणि माझ्या शेजारी संथ हस्ताक्षरात नोंद उमटत होती: 'सिंह, नर, एक. हजर. शेरा: कामाच्या वेळेत निद्रिस्त.' पाणघोड्याचे केवळ कान, डोळे आणि नाकपुड्या पाण्याबाहेर होत्या, त्यास 'अंशतः हजर' करण्यात आले. रानडुकरासारखा तो वॉर्टहॉग शेपटी ध्वजासारखी उभी धरून सहकुटुंब पळाला, त्यास 'शिस्त चांगली' असा शेरा मिळाला. हत्तींच्या एका कुटुंबाने रस्त्याच्या मध्यभागी अर्धा तास ठाण मांडले, तेव्हा 'अतिक्रमण. हटविण्याचे अधिकार आपणांस नाहीत' असे लिहून भाऊसाहेबांनी प्रकरण तहकूब केले. इंपाला हरणांची गणती मात्र पहिल्याच दुपारी कोलमडली. जिकडे पाहावे तिकडे इंपाला, आणि प्रत्येकीच्या पार्श्वभागी तेच काळे पट्टे. अखेर त्यांच्या नावापुढे 'अगणित, सबब नोंद बंद' अशी अक्षरे पडली, आणि ती लिहिताना या मनुष्यास झालेले दुःख आम्ही प्रत्यक्ष पाहिले. सायंकाळी मुक्कामावर एका वानराने भाऊसाहेबांच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, मांडीवरील भाकरवडीचा पुडा उचलून झाड गाठले. आरडाओरडा झाला, एक चप्पलही त्या धांदलीत फेकली गेली; भाऊसाहेब तेवढे शांत होते. 'वानर, एक. हजर. शेरा: अपहार, एक पुडा. वसुली अशक्य.'

परंतु या साऱ्यावर कळस चढविला तो बिबट्याने. सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा आणि गेंडा या पाचांस तेथे 'बिग फाइव्ह' म्हणतात. पायी शिकार करणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांनी, मारावयास सर्वांत धोकादायक म्हणून, ही निवड केली आणि बंदुका गेल्या तरी कॅमेऱ्यांनी ती तशीच पुढे चालविली. बिबट्या पहिल्या दिवशी गैरहजर होता. दुसऱ्या दिवशीही तो न आल्याने 'विनापरवाना गैरहजर. खुलासा मागवावा' असा शेरा पडला. त्यापुढच्या सकाळी साबी नदीच्या काठी, आदल्या दिवसाच्या जिराफांच्या बेरजेत एकाचा फरक येतो म्हणून भाऊसाहेब वहीत मान घालून बसले असता, समोरच्या झुडुपातून बिबट्या निघाला, आमच्या गाडीपुढून जावयासारखा सावकाश चालत गेला, आणि भाऊसाहेबांनी मान वर केली तेव्हा पलीकडच्या गवताची पाती तेवढी हलत होती.

"अहो, दिसला! बिबट्या दिसला!" वहिनी त्यांचा दंड हलवून म्हणाल्या.

"मला दिसलेला नाही. सबब नोंद करता येत नाही."

"सगळ्यांनी पाहिला की!"

"सगळ्यांनी पाहिला हा पुरावा नव्हे, बोभाटा झाला."

तेव्हा तोडगा निघाला तो पंचनाम्याचा. एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आणि स्वतः गाइड अशा दोन पंचांसमक्ष, गाडी रस्त्याच्या कडेस उभी करवून, भाऊसाहेबांनी वहीच्या मागील पानावर मजकूर लिहून काढला: आम्ही खाली सह्या करणार पंच अशी जबानी देतो की, मजकूर बिबट्या पूर्वेकडून पश्चिमेस गेला, अंगावर ठिपके होते, चाल सावकाश, वृत्ती बेफिकीर. बाईंनी हसू दाबत सही केली. गाइडने तो मजकूर इंग्रजीत समजावून घेतला आणि मग अत्यंत गंभीरपणे सांगितले की सही करतो, परंतु ती मादी होती. भाऊसाहेबांनी 'मादी' अशी दुरुस्ती करून तिच्यावर आद्याक्षरे घेतली. त्या क्षणापासून त्या तरुणाविषयी त्यांच्या मनात जो आदर उत्पन्न झाला, तसा आमच्यापैकी कोणाच्याही वाट्यास सबंध सहलीत आला नाही.

या आदराची कसोटी गेंड्याने घेतली. मुक्कामाच्या ठिकाणी एक मोठा नकाशा लावलेला असतो आणि कोणता प्राणी कोठे दिसला हे त्यावर रंगीत खुणांनी दाखवितात. रोज सायंकाळी या नकाशाशी आपल्या वहीचा ताळमेळ घालणे हा भाऊसाहेबांचा नित्यनेम होता. त्या दिवशी आम्ही दोन पांढरे गेंडे अगदी जवळून पाहिले होते, त्यांची शिंगे बुंध्याशी कापलेली होती, आणि नकाशावर गेंड्याची एकही खूण नव्हती. गाइडने समजाविले, की शिंगांसाठी चोरटी शिकार होते. एकट्या २०१४ सालात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे मारले गेले. म्हणून खातेच भूल देऊन शिंगे कापते, आणि गेंडा कोठे दिसला हे कोणी लिहीत नाही, सांगत नाही.

"पण नोंद नाही म्हणजे प्राणी नाही," भाऊसाहेब म्हणाले. यात त्यांच्या चाळीसेक वर्षांच्या सेवेचे सार होते.

"साहेब," गाइड म्हणाला, "नोंद नाही म्हणूनच तो आहे."

भाऊसाहेब काही बोलले नाहीत. मी तिरक्या नजरेने पाहिले: 'ठिकाण' या रकान्यात त्यांनी लिहिलेली अक्षरे दोन आडव्या रेघांनी खोडली होती, आणि ती वाचता येऊ नयेत म्हणून वरून पुन्हा एक रेघ.

क्रुगरहून जोहान्सबर्गला जाताना वाटेत लागलेल्या सांस्कृतिक ग्रामाचा वृत्तान्त थोडक्यात आटोपतो, कारण असली ग्रामे सर्व देशांत सारखीच असतात. रंगीत भौमितिक आकृत्यांनी सजविलेल्या एन्डेबेले भिंती झाल्या, जमीन हादरविणारे झुलू नृत्य झाले, मक्याचा 'पाप' नावाचा घट्ट सांजा आणि तळलेल्या मोपानी अळ्या समोर आल्या, पैकी अळ्यांकडे पाहून आमच्या मंडळींनी एकमुखाने उपवास जाहीर केला. वधूमूल्य म्हणून अकरा गाई देण्याची चाल निवेदकाने सांगितली, तेव्हा 'पावती मिळते काय?' हा प्रश्न कोणी विचारला हे सांगणे नको. कार्यक्रम संपल्यावर मात्र एक गंमत झाली. मघाचा कातड्याची ढाल घेतलेला योद्धा जीन्स चढवून, कानाला मोबाइल लावून, घरी जाण्यासाठी मिनीबस टॅक्सीची वाट पाहताना दिसला, आणि आपली घोर फसवणूक झाल्याप्रमाणे आमच्यातील दोन-तीन रसिक हळहळले. तो माणूस रात्रीही ढाल उशाशी घेऊन निजत असावा अशी त्यांची समजूत होती. भाऊसाहेब एकटेच प्रसन्न दिसले. "वेळ संपली, गणवेश उतरवला. यात गैर काय?" त्या संपूर्ण सायंकाळी आफ्रिकेविषयी बोलले गेलेले हेच एक शहाणपणाचे वाक्य होते, असे मला आजही वाटते.

जोहान्सबर्गमधील अपार्थाइड संग्रहालयात शिरताना प्रेक्षकाच्या हाती मन मानेल तसे 'गोरा' अथवा 'गोरेतर' असे तिकीट पडते आणि त्याप्रमाणे निरनिराळ्या दारांनी आत जावे लागते. भाऊसाहेब गोरे ठरले, वहिनी गोरेतर. "वर्गीकरणाचा निकष कोणता?" त्यांनी खिडकीवरील बाईस विचारले. "कोणताच नाही," ती म्हणाली. ते हसले, वहिनी पलीकडच्या दाराने निघून गेल्या तेव्हा ते हसू काहीसे ओशाळले. आत जाळीच्या पिंजऱ्यांतून ओळखपत्रेच ओळखपत्रे टांगलेली. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंशाचा रकाना घातला. १९५२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील प्रत्येक काळ्या माणसाने पासबुक सदैव जवळ बाळगावे असे ठरविले, आणि त्या कायद्याचे शीर्षक मात्र 'पास रद्द करण्याबाबत' असे होते. भाऊसाहेबांनी ते शीर्षक दोनदा वाचले. "हा मसुदा," ते हलकेच म्हणाले, "कोणा हुशार कारकुनाने केलेला आहे."

पुढे काचेखाली एक पासबुक उघडे ठेवलेले होते. दरमहा मालकाने सही करावयाची, तिचा रकाना पट्टीने आखल्यासारखा सरळ. भाऊसाहेब वाकले, बोट काचेवरून खाली सरकत गेले आणि एका ओळीशी थांबले. "या महिन्याची सही राहिली," ते सवयीने बोलून गेले, आणि मग एक सही राहिली म्हणजे त्या माणसाचे काय होत असेल हे त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण त्यांनी बोट काढून खिशात घातले. ही पुस्तके घरी ठेवून, आम्हांस अटक करा म्हणत लोक २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलच्या ठाण्यावर गेले आणि पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली. त्याच्याही कितीतरी आधी, १९०८ च्या ऑगस्टात, याच जोहान्सबर्गात हमीदिया मशिदीच्या आवारात गांधींच्या नेतृत्वाखाली हिंदी लोकांनी आपले नोंदणीदाखले कढईत घालून जाळले होते. भाऊसाहेब हे सारे वाचीत होते. लाल वही बगलेत होती. त्या दुपारच्या पानावर एकही शेरा नाही.

एवढ्याने मनुष्य बदलतो असे मानणारांपैकी मी नव्हे, आणि भाऊसाहेबही बदलले नाहीत. दुसऱ्याच दिवशी न्याहारीच्या टेबलावर त्यांनी उकडलेल्या अंड्यांची संख्या यादीशी ताडून पाहिली. परतीच्या विमानासाठी आम्ही रांगेत उभे होतो. सहल-व्यवस्थापकाच्या मोबाइलवरील यादीप्रमाणे सर्व मंडळी दाखल होती, प्रवेश सुरू झाला होता, आणि भाऊसाहेब रांगेतून बाहेर पडून म्हणाले, "एक गैरहजर." व्यवस्थापकाने यादी दाखविली. भाऊसाहेबांनी वही दाखविली. व्यवस्थापक हसला, आम्हीही, खरे सांगायचे तर, हसलो. ते मात्र गुडघेदुखीचे पाय ओढीत, दर दारासमोर थांबून खुर्च्या न्याहाळीत, त्या लांबलचक दालनाच्या पार टोकापर्यंत गेले. पंचनाम्यावर सही करणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई तेथे, भलत्याच विमानाच्या दारासमोर, वहाणा काढून गाढ झोपल्या होत्या. दोघे परतले तेव्हा दार मिटण्याच्या बेतात होते, आणि बाईंची पिशवी भाऊसाहेबांच्या खांद्यावर होती. विमान वर चढल्यावर भाऊसाहेबांनी वही काढून बाईंच्या नावापुढे लिहिले: 'हजर. शेरा: डोळा लागला. खुलासा मान्य.' सबंध वहीत मान्य झालेला खुलासा हा एवढाच.

तेव्हा वाचकहो, पुढील सहलीत असे गृहस्थ आपल्या शेजारी आले तर आसन बदलून मागू नका. आपल्या बॅगा किती हे त्यांना पहिल्याच दिवशी नीट सांगून ठेवा, आणि भाकरवडीचा पुडा फोडाल तेव्हा एक त्यांच्याकडे सरकवा. नाहीतर त्याचीही नोंद होईल.