उतू गेलेल्या दुधाचा खुलासा कसा करावा

दूध उतू गेलं की आधी गॅस बंद करावा. ओटा मागाहून पुसता येतो. खुलासा मात्र तयार हवा, कारण जळका वास माजघरापर्यंत पोचलेला असतो आणि विचारणारी व्यक्ती निघालेली असते.

शास्त्रीय खुलासा सर्वांत भक्कम. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी. तापताना प्रथिनं आणि स्निग्धांश वर येऊन साय धरते, खालून येणारी वाफ तिच्याखाली अडकते, फेस चढतो आणि काठ ओलांडतो. हे ठामपणे सांगावं, पण आईला सांगू नये. ‘वाफेचं कळलं, तू कुठे होतास?’ असं ती विचारतेच, आणि याचं उत्तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात नाही.

अशा वेळी नैयायिकांना शरण जावं. त्यांच्या मते कार्याच्या आधी हजर असलेलं सगळंच कारण नसतं. कुंभाराची माती वाहणारं गाढव घटाच्या आधी असतं, तरी ते घटाचं कारण नव्हे, ते अन्यथासिद्ध. तेव्हा आपण ओट्यापाशीच होतो, हातात मोबाइल होता, हे सगळं कबूल करावं आणि आपण अन्यथासिद्ध आहोत असं जाहीर करावं. यात आपण गाढवाच्या पंगतीला बसतो खरे. घरच्यांना ते खटकत नाही, असा अनुभव आहे.

दूध दुसऱ्याच्या हातून गेलं असेल तर काम सोपं. जाऊबाईंचं गेलं तर त्या मुळातच वेंधळ्या. आपलं गेलं तर दारात कुरिअरवाला आला होता. माणूस दुसऱ्याच्या वागण्यात स्वभाव शोधतो आणि परिस्थिती विसरतो, या खोडीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली रीतसर दोषाचं नाव दिलं. म्हणून ती सोडायची असं नाही. कुरिअरवाला तेवढा हाताशी ठेवावा.

‘दूध टपूनच बसलेलं असतं, पाठ फिरली की उसळतं’ हा खुलासा आजीने केला तर मान्य होतो. आपण करू नये.

हेतूचा खुलासा सर्वांत मानाचा, पण वर्षातून एकदाच चालतो. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्या पेटवून बोळक्यातलं दूध मुद्दाम उतू जाऊ देतात आणि सगळे कौतुकाने बघतात. माघ शुद्ध सप्तमी केव्हा येते, ते कालनिर्णयात पाहून ठेवावं. गृहप्रवेशाचा आधार घ्यायचा तर घर निदान नवं हवं.

शिट्टीचा दूध-कुकर वापरणाऱ्यांना हे मार्गदर्शन लागू नाही. शिट्टी वाजत असून ऐकू कशी आली नाही, हा खटलाच निराळा.