बास-मास्तर

या तरुणाचा सदरा वाचून संपायला चांगली पाच मिनिटे लागतात. छातीवर इंजिनाची कंपनी, पाठीवर बॅटरी, एका बाहीवर दोरा, दुसरीवर गळ, कॉलरवर उन्हाचा चष्मा. एवढ्या जाहिरातींतून जागा उरलीच तर बरगडीपाशी कुठेतरी त्याचे स्वतःचे नाव. वय पंचविशीच्या आतबाहेर, नाक उन्हाने सोललेले, डोळ्यांभोवती चष्म्याच्या आकाराचा गोरा पट्टा. काय करतोस, विचारले तर म्हणतो, “बास पकडतो, सर.” अलाबामात वडीलधाऱ्यांना सर म्हणायची रीत अजून टिकून आहे. पोलिसाला, पाद्र्याला आणि मला तो सारख्याच अदबीने सर म्हणतो.

आमचे हंट्सव्हिल हे रॉकेटवाल्यांचे गाव. नासाचे मार्शल केंद्र इथलेच, आणि त्या निमित्ताने येऊन स्थिरावलेली चार मराठी घरेही आहेत. पण शेजारच्या या पोराच्या लेखी हे गाव वसले ते गंटर्सव्हिलचा तलाव जवळ आहे म्हणून. टेनेसी नदीवर 1939 मध्ये धरण पुरे झाले आणि सुमारे 69 हजार एकर पाणी साठले. त्या पाण्यात गवत माजले, गवतात बास माजला. पोराची होडी 21 फुटी, 250 हॉर्सपॉवरची, लग्नाच्या शालूसारखी चमकी लावलेली. उजाडताच ती ताशी शंभर किलोमीटरच्या वर पळवत, अख्खा तलाव जागा करत तो आपल्या जागी पोचतो. आणि पोचल्यावर, मासे बुजू नयेत म्हणून कुजबुजत बोलतो.

बास म्हणजे काळपट हिरवा, जबडा वासलेला, स्वभावाने तापट मासा. 1932 साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाच्या शेतकरी तरुणाने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोच्या वरचा, बास धरला. जगातला तो सर्वांत मोठा ठरला. पेरीच्या घरच्यांनी तो शिजवून खाल्ला. माझी बायको मालवणची. या सगळ्या खेळात डोके ठिकाणावर असलेला तो एकच माणूस, असे तिचे मत आहे. पुढे 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याहून औंसभर जड मासा धरला. पण विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघे बरोबरीत राहिले. हा निकाल सांगताना आमच्या पोराचा आवाज अजून चिरकतो. बिचाऱ्या कुरितांचे त्याने काय घेतले होते कोण जाणे.

पेरीनंतर मासा खायचे दिवस संपले. रे स्कॉट नावाच्या विमा एजंटाने 1967 मध्ये बास धरण्याची मोठी स्पर्धा भरवली आणि 1972 पासून मासे जिवंत परत सोडण्याचा प्रचार सुरू केला. विमा एजंट हे मूळपुरुष कळल्यावर या मंडळींच्या बोलण्यातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. आता स्पर्धेत दिवसाकाठी सगळ्यांत जड पाच मासे धरायचे, होडीतल्या हवा खेळत्या टाकीत जपून आणायचे, वजन करायचे, पाण्यात सोडायचे. मासा दगावला तर वजनातून दंड कापतात. बायकोने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मला विचारले, “धरल्यान आणि सोडून दिल्यान? मगे गेलो कित्याक?”

कशाला, याचे उत्तर पैशात मिळत नाही. क्लासिक नावाच्या मुख्य स्पर्धेत पहिल्याला तीन लाख डॉलर मिळतात, हे तो पहिल्या भेटीतच सांगतो. स्पर्धेत उतरायची फी हजारो डॉलर असते, पेट्रोल वेगळे आणि रात्री ट्रकमध्ये झोपावे लागते, हे त्याची आई सांगते. काही स्पर्धांत तर जिंकणाऱ्याला खोटे पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवतात. मासे धरणाऱ्याच्या शब्दावर जगाचा किती विश्वास आहे, ते यावरून दिसते.

हरल्यावर मात्र त्याची वाणी फुलते. थंड वारा आला, पाणी दोन अंशांनी उतरले, धरणाने पाणीच सोडले नाही म्हणून प्रवाह थांबला, मासे खोलात जाऊन रुसले. यातले प्रत्येक कारण शास्त्राला धरून असते, ही खरी पंचाईत. होडीवर मासे शोधणाऱ्या यंत्रांचे चार पडदे आहेत. त्यांतल्या एकावर समोरचा मासा हलताना जसाच्या तसा दिसतो. या यंत्रावर आता स्पर्धांत बंधने येऊ लागली आहेत. त्याबद्दल पोराचे मत विचारू नये. आदल्या आठवड्यात कोण जिंकले, यावर ते बदलते.

त्याचा जीव आहे तो टेक्सास रिगवर. बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार वजन, मागे मऊ प्लॅस्टिकचा किडा, आणि गळाचे टोक किड्याच्याच अंगात दडवलेले, म्हणजे गवतात अडकत नाही. मासे रुसले असले तर ड्रॉप शॉट: वजन तळाशी, गळ त्याच्या वर, किडा जागच्या जागी थरथरतो. नवख्यांना तो वॅकी रिग देतो. किड्याला मधोमध टोचायचे, पाण्यात सोडायचे आणि काहीही करायचे नाही. “हेच सगळ्यांत अवघड आहे, सर. माणसाला काहीतरी करावेसे वाटते.” किड्यांच्या रंगांची नावे हिरवा भोपळा, कलिंगड, जांभळा जूनबग अशी. माशाला यांतला फरक कळत असेलही. दुकानदाराला नक्की कळतो.

शिकवण्यात मात्र तो राजा माणूस. स्पर्धेत पोट भरत नाही म्हणून लोकांना अर्ध्या दिवसाच्या बोलीवर होडीतून नेतो, हे खरे. पण शनिवारी संध्याकाळी अंगणात बादल्या मांडून गल्लीतल्या पोरांना फुकट नेम शिकवतो, त्याला काय म्हणाल? गळ काढून टाकलेली काठी, टोकाला वजन, वीस पावलांवर बादली. आमच्या मराठी मंडळातला एक रॉकेट इंजिनियर आपल्या मुलाला घेऊन गेला आणि मुलाला बाजूला सारून स्वतःच उभा राहिला. कोन किती ठेवायचा, वारा किती धरायचा, सगळे विचारून झाले. मग त्याने काठी फिरवली. वजन तीन हातांवर पडले आणि रिळावर दोऱ्याचा असा गुंता झाला की सुगरणीने शिकायला यावे. चक्राने दोऱ्यापेक्षा जास्त वेग घेतला की असे होते. अंगठ्याने चक्र हलके दाबून ठेवायचे असते. पोराने रीळ मांडीवर घेतले, पायरीवर बसला आणि अंधार पडेपर्यंत एकेक फास सोडवत राहिला. ना चिडला, ना कात्री मागितली. मधूनमधून नुसते, “अंगठा, सर. अंगठा.” रॉकेटवाला मान खाली घालून उभा. त्याच्या मुलाने तेवढ्यात बादलीत तीनदा वजन टाकले होते.

पाण्यावरची शाळा आणखी कडक. गवताच्या तरंगत्या थरावरून रबरी बेडूक ओढायचा. खालून बास असा फुटतो की नवखा घाबरून काठी ओढतो आणि बेडूक त्याच्याच तोंडावर येतो. “थांबा. दोरा जड लागला की मगच हिसका.” मासा धरायचा तो खालच्या ओठात अंगठा घालून. माशाच्या बारीक दातांनी पोराच्या अंगठ्याची सालपटे निघालेली असतात, आणि डॉक्टरने पदवी लावावी तसा तो अंगठा तो दाखवतो. वसंतात अंड्यांची राखण करणारा नर गळाला लागला तर “लवकर सोडा, घरी पोरे आहेत” म्हणतो.

काठ्या देतो, किडे देतो, वेळ देतो. फक्त जागा देत नाही. तुमच्या माशाचा फोटो काढताना होडी अलगद फिरवतो, म्हणजे मागे आभाळ तेवढे येते. कुठल्या खाडीत होतो, हे त्याच्या आईलाही ठाऊक नसते. माझ्या मते यात गैर काहीच नाही. विद्या द्यावी, मासा ज्याचा त्याने शोधावा.

तेव्हा हंट्सव्हिलला याल तर त्याच्याकडे जरूर जा. टोपी घ्या, पाणी घ्या, पैसे आधी ठरवा, जागेचे नाव काढू नका. आणि केळे नेऊ नका. होडीत केळे असले की मासा लागत नाही, यावर या लोकांची अढळ श्रद्धा आहे. मागे एका पुणेकराच्या डब्यात शिकरण निघाले, तर त्याने अर्ध्या वाटेवरून होडी धक्क्याला परत आणली. डबा निघण्यापूर्वीच उघडून दाखवा.