नाव काढणारे सर

धाराशिव जिल्ह्यात हातानं काही करून विकणाऱ्या बाईला कर्ज मिळायला दिवस लागतात, नाव मात्र चहा उकळायच्या आत मिळतं. कारण प्रत्येक तालुक्याच्या गावी एक सर असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, विषय मराठी, खिशाला दोन पेनं. पूर्वी ते बाळांची नावं काढायचे, मग बंगल्यांची. आता बाळं मोबाइलवर नाव शोधूनच जन्माला येतात, म्हणून सर उद्योगांकडं वळलेत. फी घेत नाहीत, फक्त चहात साखर थोडी जास्त लागते.

माल बघायचा नाही, हा सरांचा पहिला नियम. एक ताई पिशवीतून वाकळ काढायला लागल्या. जुन्या लुगड्यांचे थर, काठापासून आत आत फिरत गेलेला बारीक धावदोरा, कोपऱ्यांना रंगीत त्रिकोण. टाके असे, की ज्वारीचे दाणे ओळीनं मांडावेत. सरांनी हात वर केला. “राहू द्या. आधी रास सांगा.” रास कुंभ निघाली, म्हणजे ‘स’ आलाच. चष्मा कपाळावर गेला, नजर पंख्यावर गेली आणि शब्द उमटला, “सृजनगंधा!”

ताई घाबरल्या. “सर, धुऊन शिवलीया. वास न्हाई यायचा.”

सरांकडं असा साठा भरपूर आहे: हस्तस्पर्श, कलाविष्कार, स्वयंसिद्धा. पण बचत गट वाढले आणि साठा पुरेना. एकदा प्रदर्शनात दोन ‘स्वयंसिद्धा’ शेजारीशेजारी आल्या, दोघींचं बारसं सरांच्याच हातचं. सरांनी मध्ये उभं राहून निवाडा दिला, “धाकटीला ‘न्यू’ लावा.” भाऊ वेगळे निघाले की दुकानाच्या पाटीवर ‘न्यू’ चढतं, ही बाजारपेठेची रीत सरांना संस्कृतइतकीच पूज्य आहे.

इतिहास हा त्यांचा खरा हळवा कोपरा. तेरला मातीच्या वस्तू करणाऱ्या एका मावशींना साधं ‘गोरोबाकाका’ हवं होतं. गोरोबाकाकांच्या गावात यात गैर ते काय? पण सरांनी दोन हजार वर्षं मागं नेलं. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचं नाव आहे, इथलं कापड गाड्यांत भरून भडोच बंदराला जायचं. तेव्हा ‘तगर आर्ट्स’च! मावशींनी मान डोलावली. पेंटरनंही मनापासून काम केलं आणि पाटीवर तगरीचं पांढरं फूल काढलं.

तुळजापुरात मात्र सरांचं चालत नाही. तिथं कवड्यांच्या माळा गुंफणाऱ्या बाईंनी बोटं न थांबवता सांगितलं, “आईचंच नाव ठिवायचं.” मग सरांनी कायदा काढला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीवाल्याला एकट्याच्या मालकीचं करू दिलं नाही. त्यापेक्षा वेगळं नाव घ्या, ट्रेडमार्क करा. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये, नोंद झाली की दहा वर्षं निवांत.

“साडेचार हजारांत कवड्या किती येतील?” बाईंनी विचारलं. हा विषय मराठीचा नसल्यानं सर उठले.

२०२३ हे सरांच्या आयुष्यातलं सुवर्णवर्ष. फेब्रुवारीत शहराचं नाव बदललं, सप्टेंबरात जिल्ह्याचं. ज्यांनी ‘उस्मानाबाद’ छापून स्टिकरचे गठ्ठे घेतले होते, त्या सगळ्या सरांच्या अंगणात. सर काळं मार्कर घेऊन स्वतः बसले. तेवढ्यात कुणी तरी विचारलं, “मग आता शेळी उस्मानाबादीच म्हणायची का धाराशिवी?” सरांनी मार्करचं टोपण लावलं. बाजारात ती अजून उस्मानाबादीच आहे, आणि जनावरांची बारशी आपण करत नाही, असं ते म्हणतात.

अलीकडं ‘उमेद’च्या बचत गटातली एक तरुण ताई सरांना उलट बोलू लागली आहे. तिनं ‘लिज्जत’ची गोष्ट ऐकवली. गिरगावात सात बायकांनी १९५९ ला पापड लाटायला घेतले, ‘लिज्जत’ हे नाव १९६२ ला ठरलं, तेही त्यांच्यातल्याच एकीनं सुचवलेलं. “आधी लाटणं, मग नाव,” ताई म्हणाली. सरांना त्यातलं एकच लागलं: त्या बाईला नावाबद्दल पाच रुपये बक्षीस मिळालं होतं. “त्या काळचे पाच,” असं ते दोनदा म्हणाले.

घरात त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्या पत्नी लोकरीची तोरणं विणतात, दसऱ्याच्या आधी गल्लीतल्या बायका विणता विणता उचलून नेतात. सरांनी ‘तोरणा’ सुचवलं. “त्यो किल्ला हाय.” मग ‘बंदनवार’. “हिंदी हाय.” तिसरं सुचेपर्यंत तोरणं संपली, आणि सरांना लोकर आणायला सोलापूरला धाडण्यात आलं. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईच्या मांडीवर विणलेली पिशवी होती. नळदुर्ग जाईपर्यंत सरांनी दम धरला.

“हातची दिसतीय,” मग ते म्हणाले. “रास कोणती?”