स्तुती एका खुळ्या गिऱ्हाइकाची

जुनी गाडी घ्यायला गेल्यावर गाडीच्या आधी विकणाऱ्याचे कागद मागणाऱ्या माणसाला आपल्याकडे खुळा म्हणतात. त्या खुळ्याची मला मनापासून स्तुती करायची आहे.

शहाण्यांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. शहाणा बॉनेट उघडून आत डोकावतो, दारांवर टिचक्या मारतो, टायर दाबतो, 'ॲव्हरेज किती देते?' म्हणून विचारतो. गाडी एकहाती आहे, डॉक्टरांनी वापरलेली आहे, एवढं कानावर पडलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. मग दहा हजार कमी करून घेतल्याच्या आनंदात तो टोकन देतो. खुळा मात्र गाडीपासून दोन हात लांब उभा राहतो आणि विचारतो, "तुमचं आरटीओचं अधिकारपत्र दाखवता का?"

दुकानात शांतता पसरते. मालक म्हणतो, "काका, इतकी वर्षं धंदा करतोय, आजवर कोणी विचारलं नाही." मालक खरंच बोलतो. सोबत आलेला मेहुणा अवघडून मोबाईल काढतो. खुळा तसाच उभा.

तो मागतो त्या कागदाचं नाव फॉर्म २९बी. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३पासून नोंदणी झालेल्या, म्हणजे जुन्या, गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून असं अधिकारपत्र घेणं आवश्यक झालं. ते पाच वर्षं चालतं. मूळ मालकानं गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिली की दोघं मिळून फॉर्म २९सी भरून आरटीओला ऑनलाइन कळवतात आणि तिथून पुढे विक्रेता त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. गाडी त्याच्याकडे असताना जे घडेल त्याला तो जबाबदार. ती रस्त्यावर काढायची ती गिऱ्हाइकाला चालवून दाखवायला, दुरुस्तीला किंवा तपासणीला. कोणी चालवली, कशासाठी नेली, किती किलोमीटर झाले, हे सगळं इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत लिहायचं.

हे अधिकारपत्र नसेल तर काय होतं? गाडीचा मालक हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३०वर कोऱ्या सह्या करून देतो, पैसे मोजून घेतो आणि घरी जातो. गाडी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात, एका एजंटकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं, की राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत हस्तांतर कळवायचं. सह्या केलेले कोरे फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून असतात तेव्हा या मुदती कोण मोजतो?

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, मग चौथ्याकडे गेली होती. नोंदणीत नाव पहिल्याचंच राहिलं होतं. गाडीनं अपघात केला, त्यात एक मूल दगावलं. न्यायालयानं नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर टाकली. अपघातात होरपळलेल्या कुटुंबानं विक्रीच्या साखळीतला एकेक माणूस शोधत फिरावं, ही अपेक्षाच चुकीची आहे, अशी त्या निकालामागची भूमिका होती. मला ती पूर्ण पटते. म्हणून खुळ्याचा तो प्रश्न फक्त स्वतःचे पैसे वाचवण्यापुरता नाही. ज्या अनोळखी घरावर उद्या आघात होईल, त्यांना जबाबदार माणूस सापडावा, याचीही सोय त्यात आहे.

गाडी विकायची वेळ येते तेव्हाही तो तितकाच खुळा असतो. २९सीची पोच हातात पडल्याशिवाय किल्ली देत नाही. विकत घेताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहतो. असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मागतो. गाडी परराज्यातली असली तर तिथल्या आरटीओची एनओसी. नव्या गाडीच्या शोरूममध्ये प्रश्न वेगळा: तिथे तो ट्रेड सर्टिफिकेट विचारतो.

या खुळेपणाची किंमत त्याला मोजावी लागते, हेही सांगितलं पाहिजे. पाडव्याचा मुहूर्त हुकतो. मुलांनी पसंत केलेला रंग दुसरं कोणीतरी घेऊन जातं. घरात दोन दिवस अबोला. शेजारी तोवर बिनकागदाच्या दुकानातून गाडी आणून पेढे वाटून मोकळा झालेला असतो आणि तो पेढाही याला खावा लागतो. एवढं सोसून जो पुन्हा पुढच्या दुकानात जाऊन तोच प्रश्न विचारतो, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. शहाणपण मिरवायला काहीच लागत नाही. चारचौघांत खुळा ठरायला धीर लागतो.

नियम सरकारनं केला, पण दुकानाच्या दारापर्यंत तो नेतं गिऱ्हाईक. 'कोणी विचारत नाही' हे मालकाचं वाक्य खरं आहे तोवर अधिकारपत्रासाठी आरटीओत खेटे घालायचं त्याला कारणच नाही. महिन्याभरात असे चार खुळे येऊन टोकन न देता परत गेले, तर पाचवा यायच्या आत तो फॉर्म २९ए भरून अर्ज करील.