हृदयहितार्थ चालणे : नवशिक्यांसाठी सूचना

चालण्याच्या व्यायामाचा आरंभ बूटखरेदीने होतो. पुष्कळांच्या बाबतीत समाप्तीही तिथेच होते, म्हणून बूट भाजी आणायला शोभतील असे घ्यावेत. मनगटावर पावले मोजणारे घड्याळ बांधावे. दहा हजारांचा आकडा कोणा हृदयरोगतज्ज्ञाने बसवला असेल या समजुतीने दडपून जाऊ नये. १९६०च्या दशकात जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र बाजारात आले, त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मीटर’. आकडा तिथला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरे म्हणते. रोजची वीस-बावीस मिनिटेही चालतील. तेवढी तर दुसरा मोजा शोधण्यात जातात.

‘मध्यम’ किती, याची कसोटी सोपी : चालताना बोलता यावे, गाता येऊ नये. पुण्यात मात्र ती अवघड आहे. तळजाई टेकडीवर तिघेजण वाट अडवून महापालिकेपासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत अखंड बोलत चाललेले असतात. श्वास घ्यायला कोणी थांबत नाही, कारण थांबला की दुसरा सुरू करतो. या रांगेत सामील झाल्यास व्यायाम जिभेला होतो. पर्वतीवर कोणी नाट्यपद आळवताना आढळल्यास तो पहिलवान तरी असतो, नाहीतर पहिल्या पायरीवर तरी.

टेकडी उतरल्यावर ‘कमावलेला’ वडापाव खाण्याची प्रथा आहे. अर्ध्या तासाच्या चालण्यात जळते त्याहून जास्त ऊर्जा एका वडापावात असते, हे गाडीपाशी कोणाला ऐकवू नये. मैत्री तुटते.

आता विनोद बाजूला. हृदयविकार आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघावे. चालताना छाती दाटली, जबडा किंवा हात दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत सोडा शोधू नये. जागेवर बसावे आणि १०८ला फोन लावावा.

टेकडी लांब असणाऱ्यांसाठी जिना आहे, आणि जिन्याला इतिहास आहे. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये पूर्वी ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटांसाठी वरखाली. संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३मध्ये दाखवले, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनीच गणवेशांची मापे काढली, तर ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला मुळातच जास्त घेराच्या निघाल्या. म्हणजे थोडा दोष स्टिअरिंगचा, थोडा आधीच्या पोटाचा. स्वतःचाच निष्कर्ष असा विजारीवर घासून पाहणारा संशोधक मला फार आवडतो. पोटाचा हिशेब धरूनही कंडक्टरच सरस ठरले.

तेव्हा लिफ्ट चालू असताना जिना चढावा. दुसऱ्या मजल्यावरचे काका दार उघडून विचारतील, ‘‘काय हो, लाइट गेली का?’’ बिनदिक्कत ‘‘हो’’ म्हणावे आणि चढत राहावे. खरे सांगितले तर ते आपली अँजिओप्लास्टी पहिल्यापासून सांगायला थांबवतील, आणि तेवढ्यात नाडी पूर्ववत होईल.