कट आमचा, कुलूप तुमचं

एडिट लॉक झालं की पोस्टचं निम्मं काम उरकलं, असं निर्माते धरून चालतात. खरी कटकट तिथून सुरू होते. चित्रपट कापलेला प्रीमिअरवर, रंगकाम व्हायचं दा विंची रिझॉल्व्हवर आणि साउंडवाल्याला हवं प्रो टूल्स. फुटेज हार्ड डिस्कवर भरून कुठेही पाठवता येतं. टाइमलाइन तशी जात नाही. कुठला टेक, कुठल्या फ्रेमपासून कुठपर्यंत, कशाला जोडून काय, असे महिनोन्‌महिने डोकं लावून घेतलेले हजारो निर्णय त्या फाइलमध्ये असतात. ते निर्णय एडिटरचे, पैसे निर्मात्याचे आणि फाइल उघडायची की नाही हे ठरवणार सॉफ्टवेअर कंपनी! हे मला मुळीच पटत नाही.

टाइमलाइन न्यायची सगळ्यात जुनी वाट ईडीएलची, म्हणजे एडिट डिसिजन लिस्टची. सीबीएस आणि मेमोरेक्सने मिळून काढलेल्या सीएमएक्स कंपनीच्या एडिटिंग यंत्रणांमधून ती आली, आणि ‘सीएमएक्स ३६००’ हा तिचा साचा प्रीमिअर, अ‍ॅव्हिड, रिझॉल्व्ह आजही लिहितात-वाचतात. साध्या मजकुराची फाइल. एका ओळीत एक कट: क्रमांक, रीलचं नाव, ‘सी’ म्हणजे कट किंवा ‘डी’ म्हणजे डिझॉल्व्ह, मग चार टाइमकोड. पहिले दोन मूळ फुटेजमधले, पुढचे दोन तयार एडिटमधले. नोटपॅडमध्ये उघडली तरी माणसाला वाचता येते. व्हिडिओचा ट्रॅक एकच, नोंदी ९९९ पर्यंतच, रीलचं नाव ८ अक्षरांत बसवायचं. तुटपुंजी आहे, कबूल. पण कुणाची परवानगी न घेता उघडते.

एक्सएमएल आणि एएएफ या फाइलप्रकारांत जास्त मावतं. अनेक ट्रॅक जातात, आवाजाच्या पातळ्या बऱ्याचदा जातात. प्लगइनचे इफेक्ट, क्लिपच्या वेगातले चढउतार, एकात एक घातलेल्या सिक्वेन्स मात्र हमखास गळतात किंवा वेड्यावाकड्या होऊन पोचतात. म्हणून कलरिस्ट आधी रेफरन्स व्हिडिओ मागतो, आणि टाइमलाइन त्याच्याशी ताडून एकेक कट तपासत बसतो.

मराठी टायटल्सचं तर विचारूच नका. अजूनही कित्येक जण जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये नावं टाइप करतात. त्या फॉन्टमध्ये देवनागरीचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. दुसऱ्या मशिनवर तो फॉन्ट नसला, की दिग्दर्शकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोड वापरलं तरी समोरच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता आली पाहिजेत. नाहीतर पाय मोडलेली अक्षरं आणि भलतीकडे बसलेल्या वेलांट्या आल्याच. टायटल्स पारदर्शक पार्श्वभूमीवर रेंडर करून पाठवावीत, हाच भरवशाचा उपाय. पण मग एका नावातली एक वेलांटी बदलायची तरी पुन्हा मूळ एडिटरचं दार ठोठावा.

हे कुलूप किती घट्ट बसू शकतं, ते २०११ च्या जूनमध्ये जगाने पाहिलं. अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स आणलं आणि त्यात आधीच्या फायनल कट प्रो ७ चे प्रोजेक्ट उघडेनात. कंपनी तीच, नाव तेच! जुने प्रोजेक्ट नव्यात नेणारं साधन पुढच्या वर्षी आलं, तेही बाहेरच्या एका छोट्या कंपनीने बनवलेलं. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनाने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणंच थांबवलं, तेव्हा त्या सिस्टीमवर फायनल कट ७ चीही वाट बंद झाली. कित्येक दशकं जुन्या साच्याची ईडीएल आज उघडते, आणि २०१० चा प्रोजेक्ट उघडायला जुना मॅक शोधत फिरावं लागतं.

तंत्र अवघड आहे, ही सबब मला मान्य नाही. सगळे इफेक्ट जसेच्या तसे नेणं कठीण, हे खरं. पण कट, क्रम, टाइमकोड, टायटलचा मजकूर एवढं तरी नेता यायलाच हवं. पिक्सारमध्ये सुरू झालेलं ओपनटाइमलाइनआयओ नेमकं याच कामासाठी आहे. ते खुलं आहे, फुकट आहे, रिझॉल्व्हने घेतलंही आहे. तेव्हा बाकीच्यांचा प्रश्न मर्जीचा आहे. येणाऱ्यासाठी पायघड्या आणि जाणाऱ्यासाठी खिडकीसुद्धा नाही, यात कंपन्यांचा धंदा आहे, आमचा नाही.

तोवर निर्मात्यांनी करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात: ईडीएल, एक्सएमएल, साउंडसाठी हँडल्ससकट (म्हणजे कटच्या दोन्ही बाजूंच्या जादा तुकड्यांसकट) एएएफ, आणि चित्रावर टाइमकोड छापलेला रेफरन्स व्हिडिओ. शिवाय टायटल्सचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये वेगळा. हे सगळं एडिट लॉक होईल त्याच दिवशी मास्टरसोबत मागावं. वर्षभराने मागायला गेलात, तर तोवर एडिटरची त्या सॉफ्टवेअरची वर्गणी संपलेली असू शकते.