चौसष्ट इंची

मार्गशीर्ष लागला की आमच्या मामांचा जीव केळीच्या बागेत रमत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. मामा दर्शन घेतात, पण बूट न काढता बाहेरूनच. त्यांचा देव दावणीला बांधलेला असतो.

असे मामा त्या बाजारात पावलोपावली भेटतात. कानाला मफलर, पायात जाड तळाचे बूट, खिशात शिंप्याची फीत. घोडा दिसला की चाल नाही, दात नाहीत, खूर नाहीत, पहिला प्रश्न एकच, "किती इंची?"

वास्तविक घोड्यात बघायला पुष्कळ असतं. रेवाल चालीत पाठीवरचा माणूस हिंदकळतो की नाही, श्वास कसा चालतो, पिछाडी बांधताना लाथ झाडतो का. दातांवरून वय कळतं. दुधाचे समोरचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडायला लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. पण यासाठी घोड्याच्या तोंडात हात घालावा लागतो. उंची लांबूनही दिसते, आणि ज्याला काहीच कळत नाही त्यालाही कळते. म्हणून तिचा भाव मोठा. साठीपर्यंत तो इंचाइंचानं चढतो, बासष्टच्या पुढं उड्या मारतो. त्यात घोडा नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र असेल, किंवा चारही पाय नि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याण असेल, तर बघायलाच नको.

एकदा मामांना पुण्याच्या एका घोडेस्वारी शिकवणाऱ्या माणसानं सांगितलं, "आमच्याकडं चौदा हात दोनचे घोडे आहेत." मामा हबकले. आपला हात दीड फुटाचा, म्हणजे एकवीस फुटी घोडा! जिराफसुद्धा मान वर करून बघेल. मग कळलं की इंग्रजांचा हात चार इंचांचाच, आपल्या पंजाच्या रुंदीएवढा. चौदा हात दोन म्हणजे अठ्ठावन्न इंच, आणि तिथून खाली तट्टू. "एवढ्याशा हातानं यांनी दीडशे वर्षं राज्य केलं," मामा म्हणाले, आणि हिशोब पुन्हा इंचांवर आणला.

मोजण्याचं शास्त्र त्यांना तोंडपाठ. उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण डोकं वरखाली होतं. मान संपून पाठ सुरू होते, तिथल्या उंचवट्यापर्यंत मोजायची. जमीन सपाट हवी, चारही पाय सरळ हवेत, काठी उभी हवी. खूर वाढू दिले की पाऊण इंच फुकट मिळतो, जाड नाल ठोकले की आणखी थोडा. पुढचे पाय जरा उंचवट्यावर उभे केले की झालंच. म्हणून घोडा कोणाचाही असो, मामा नालबंदासारखे खाली बसून विचारणार, "नाल काढून मोजलाय का?"

ही सवय घरातही शिरली. माझ्या बहिणीला सांगून आलेला मुलगा पाच-आठ आहे म्हटल्यावर मामांनी ते वाक्य जसंच्या तसं मुलाच्या वडिलांना विचारलं. स्थळ पुढं सरकलं नाही. मामांचं म्हणणं, सरकलं नाही यातच उत्तर आलं.

इतका चोखंदळ माणूस फसेल कसा? पण फसला. तीन वर्षांपूर्वी याच बाजारात त्यांनी एक नुकरा घेतला. व्यापाऱ्यानं रुमालाखाली मामांची बोटं धरली आणि रुमाल निघाला तेव्हा मामा विसार देऊन मोकळे. चौसष्ट इंची! मोजली होती मामांनी स्वतः, स्वतःच्या फितीनं. फीत खांद्याच्या गोलाईवरून वर नेली की काठीपेक्षा लांब भरते, हे शिंप्याच्या पोरालाही कळेल. पण आवडलेल्या घोड्याजवळ माणूस शिंपी राहत नाही.

मामा स्वतः कागदोपत्री पाच-पाच. हा आकडा त्यांच्या लग्नाच्या पत्रिकेबरोबर पाठवला होता आणि तेव्हापासून तोच चालत आलाय. नुकऱ्यावर चढायला त्यांना गोठ्याशेजारचा ओटा लागतो. चढले की उतरायला गडी लागतो, आणि गडी नसला की मामा तासभर रपेट लांबवतात.

गावात घोड्याला काम मिळेना. वरातीला नेला तर मांडवाच्या कमानीत नवरदेवाचा फेटा अडकला, आणि नवरदेवानं खाली वाकायच्या ऐवजी घोड्यालाच वाकायला सांगितलं. वरातीला खरी मागणी घोडीला. ती बुटकी चालते, फटाक्यांत उभी राहिली की झालं. मी सुचवलं, माथेरानला द्या. तिथं मोटारी चालत नाहीत, घोड्यांचं पोट चालतं. मामांनी चौकशी केली. तिथला घोडेवाला म्हणाला, आम्हाला आखूडच बरा. पर्यटक चढवायला दोन माणसं लावायची तर फेरीत उरणार काय? पोरं घाबरतात, आयाबाया त्याहून जास्त. शिवाय उंच घोड्याची चंदीही उंच. उंचीचा भाव फक्त बाजारात. बाजाराबाहेर पडलं की घोड्याला मोल कामाचं.

"मराठ्यांची भीमथडी तट्टं बुटकीच होती," मी म्हटलं. "त्यांच्यावरच दिल्लीच्या फौजा दमवल्या."

"त्यांना घोडा पळवायचा होता," मामा म्हणाले. "मला उभा करायचाय."

यंदा मात्र केळीचा भाव पडला आणि मामा नुकऱ्याला विकायला घेऊन निघाले. मी बरोबर. आदल्या दिवशी नालबंदानं खूर तासले होते; खुरात सड लागली असती म्हणून तासावेच लागले. मामांनी ते तासलेले तुकडे कागदात गुंडाळून ठेवले. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

पहाटेची कडाक्याची थंडी. एक तरुण गिऱ्हाईक आला. बोलणं कमी, बरोबर मोजायची काठी, तिला आडवी पट्टी आणि पट्टीवर पाणसळ. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत थांबला, मग म्हणाला, "बासष्ट."

दहा-बारा माणसं जमली. दोन इंच म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी घोड्याची मान थोपटली, काठीकडं बघितलं, आणि ठरलेला हुकमाचा पत्ता काढला. ते नुकऱ्याच्या खांद्याला लागून ताठ उभे राहिले.

"काठीचं सोड. मी पाच-पाच. पासष्ट इंच. हा माझ्याहून किती कमी दिसतो? इंचभर. मग किती झाला?"

हिशोब बिनतोड होता. पोरानं मान हलवली, आडवी पट्टी मामांच्या डोक्याला टेकवली, आणि आकडा वाचायच्या आधी सहज खाली बघितलं.

"मामा," तो म्हणाला, "आधी नाल काढा."

गर्दीतला एक म्हातारा खोकायला लागला. मामांनी बुटांकडं पाहिलं, मग नुकऱ्याकडं. त्यानं मान फिरवली.

"गार आहे रे जमीन," मामा म्हणाले. "ऊन येऊ दे."